मफलरचे पहिले चाळीस टाके

महाराष्ट्राच्या हवेने लोकरीच्या विणकामाची मागणी कधी केली नव्हती. ज्या मुलखात थंडीची मुदत कार्तिकापासून फार तर माघापर्यंत, आणि तीही रात्री-पहाटेपुरती, त्या मुलखातील स्त्रियांनी दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन पिढ्यानपिढ्या विणीत बसावे, याचे कारण हवामानाच्या तक्त्यांत शोधून सापडणार नाही. ते मुलींच्या शाळेत, बाळंतिणीच्या खोलीत आणि काही अंशी रणभूमीवर शोधावे लागते. प्रस्तुत प्रकरणात आपल्याला एक साधा मफलर विणावयाचा आहे, आणि तो मारुंजीसारख्या, काल-परवापर्यंत उसाच्या फडांनी वेढलेल्या गावी बसून विणावयाचा आहे; तथापि ही विद्या त्या गावापर्यंत कोणत्या वाटेने आली याची थोडी कैफियत आधी दिलेली बरी, कारण सुया कोणाकोणाच्या हातून आपल्याकडे आल्या हे ठाऊक असले म्हणजे त्या जरा अदबीने धरल्या जातात.

एकाच अखंड धाग्याचे फास एकमेकांत ओवून कापड तयार करण्याची ही युक्ती मूळची आपली नव्हे. मध्ययुगीन इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे हे तिचे सर्वांत जुने खात्रीचे नमुने समजले जातात. तेथून ती भूमध्य समुद्राच्या काठाने युरोपात शिरली, आणि इसवी सन १४०० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या एका वेदीचित्रात साक्षात मेरीमाताच चार सुयांवर सदरा विणताना दाखविली गेली. १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र काढले, परंतु एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली. हाताने विणणाऱ्या गरिबांचे पोट जाईल ही धास्ती त्यामागे होती, असे सांगतात. आज हिंजवडीच्या कचेऱ्यांतील तरुण ज्या टी-शर्टात वावरतात त्याचे कापड त्याच यंत्राच्या वंशजांवर आणि त्याच फासांच्या तत्त्वावर निघते. तेव्हा विणकामाशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्या गृहस्थाने आपला बनियन एकदा भिंगाखाली धरून पाहावा.

हिंदुस्थानात हे सुईकाम मुख्यतः मिशनऱ्यांच्या बायकांबरोबर आले. लाहौलातील केलाँग येथे मोरेव्हियन मिशनचे ठाणे १८५६ मध्ये बसले आणि पुढे मारिया हायडे या मिशनरी बाईने तेथील स्त्रियांना मोजे विणण्याची दीक्षा दिली. त्याच लाहौली मोज्यांना व हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परकी विद्या दीड शतकात स्थानिक वारसा म्हणून सरकारदरबारी रुजू होते, ही गोष्ट प्रत्येक कलेचे मूळ आपल्याच अंगणात खणू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. महाराष्ट्रातही मुलींच्या मिशनशाळांत अक्षरओळखीबरोबर सुईदोरा हाती दिला जाई, आणि पुढे रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेने १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण-भरतकामाला प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणात मानाचे स्थान दिले. शाळेतून ही कला घरात आली आणि घरात आल्यावर तिला बाळंतविड्याचा आश्रय मिळाला. ओटीभरण झाले की आत्या-मावश्यांच्या सुया सुरू होत. टोपडे, पायमोजे, झबले, अंगावर घालायचा छोटा रुमाल, आणि होणारे मूल मुलगा की मुलगी हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे लोकर बहुधा पांढरी किंवा लिंबाच्या रंगाची. थंडी असो वा नसो, नव्या जिवाला ऊब हवीच, या एका समजुतीने दख्खनच्या उष्ण पठारावर लोकरीचा व्यापार चालला, असे म्हणावयास हरकत नाही.

रणभूमीचा उल्लेख वर केला, त्याचा खुलासा असा. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले आणि हिमालयातील आपल्या जवानांपाशी पुरेसे गरम कपडे नाहीत ही वार्ता घरोघर पोहोचली, तेव्हा देशभरच्या स्त्रियांनी स्वेटर, मोजे, कानटोप्या आणि मफलर विणून पाठविले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले त्या वेळी सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे जो तो म्हणू लागला. त्या धावण्यात लोकरीच्या गुंड्यांचाही काही वाटा होता, याची नोंद इतिहासकार क्वचितच घेतात. पुढे लुधियानाच्या गिरण्यांतील तयार स्वेटर स्वस्त झाले. १९७२ मध्ये विदर्भातील गोठणगावाजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, आणि हिवाळा लागला की शहराशहरांत तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटर-बाजार भरू लागले. गरजेपोटी विणणे तेव्हा संपले. आता जो विणतो तो हौसेने विणतो, आणि हौसेने शिकणाराला शिकविणे हे गरजेने शिकणाराला शिकविण्यापेक्षा अवघड असते, कारण त्याला कंटाळण्याची मुभा असते.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातील गाव. एका अंगाला हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, दुसऱ्या अंगाला नेरे, जांबे. आणि पलीकडे कासारसाईचे धरण व कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना. कारखान्याचा गळीत हंगाम आणि थंडी साधारण बरोबरच सुरू होतात. हवामान खात्याचे मुख्य दफ्तर शिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरातील त्या इमारतीला लोक अद्यापि शिमला ऑफिसच म्हणतात. तेथील नोंदींप्रमाणे जानेवारीत पुण्याचे सरासरी किमान तापमान अकरा-बारा अंशांच्या घरात असते, आणि १९३५ च्या जानेवारीत ते १.७ अंशांपर्यंत उतरले होते. शहराच्या दाट वस्तीपेक्षा कडेच्या मोकळ्या, ओलिताच्या जमिनीवर पहाटेचा पारा आणखी खाली जातो, हे काकड आरतीला देवळात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना कोणत्याही वेधशाळेवाचून ठाऊक आहे. त्यांच्या गळ्यातील मफलर कार्तिकात बाहेर निघतो. शिवाय अलीकडे गावात एक नवी थंडी आली आहे. ती बारमाही असून वातानुकूलित कचेऱ्यांत तयार होते, आणि ऐन वैशाखात संगणकापुढे गळ्याभोवती काहीतरी गुंडाळून बसलेली मुले-मुली पाहिली म्हणजे मफलरला महाराष्ट्रात इतका अनुकूल काळ पूर्वी कधी आला नव्हता, हे मान्य करावे लागते.

या शिवारात लोकर नवी नाही. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे मेंढरांसह घाटमाथ्यावरून कोकणाकडे उतरू लागतात, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवितात, आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा रोकड घेऊन पुढे जातात. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. खुटेकर धनगर आणि सणगर तिचे सूत चिंचोक्याची खळ देऊन मागावर चढवितात आणि घोंगडी विणतात. मग घरची लोकर सोडून बाजारची का आणावी, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर केसाच्या जाडीत आहे. त्वचेला टोचणे वा न टोचणे हे बहुतांशी केसाच्या टोकावर अवलंबून असते: सुमारे तीस मायक्रॉनहून बारीक केस त्वचेला टेकताच वाकतो, त्याहून जाड केस वाकत नाही, रुततो. मेरिनो मेंढीचा केस अठरा ते चोवीस मायक्रॉनचा, तर दख्खनी मेंढीचा चाळिशीच्या आसपासचा किंवा त्याहूनही जाड. म्हणून घोंगडी अंथरावी, पावसात तिची खोळ करून डोक्यावर घ्यावी, तिच्यावर जागरण-गोंधळ करावा. परंतु मानेच्या कोवळ्या कातडीशी तिची सोयरीक जुळत नाही.

बाजारात ‘लोकर’ म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा लोकर नसतेच. ती ॲक्रिलिक असते, म्हणजे खनिज तेलापासून काढलेला कृत्रिम धागा. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनीही हा शब्द इतक्या उदारपणे वापरला आहे की तक्रार कोणी कोणाविरुद्ध करायची हेच ठरविता येत नाही. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: खरी लोकर केस जळल्याच्या वासाने जळते आणि तिची राख बोटांत चुरडली जाते, ॲक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक काळा मणी उरतो. पहिल्या मफलरला ॲक्रिलिक चालते. ते स्वस्त असते, त्याला कसर लागत नाही, आणि दहा वेळा उसवले तरी ते बिचारे सोसते. खऱ्या लोकरीचा गुण मात्र त्यात नाही: लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के इतकी वाफ शोषूनही ओली लागत नाही, आणि पहाटेच्या दवात घराबाहेर पडणाराला तिची किंमत कळते. कोणतीही घेतली तरी रंग फिका आणि एकसारखा घ्यावा. काळ्या लोकरीवर नवशिक्याला टाके दिसत नाहीत, आणि या कामात जे दिसत नाही ते शिकताही येत नाही.

सुयांची खरेदी हा एक स्वतंत्र मामला आहे. आपल्याकडे जुने इंग्रजी क्रमांक अद्याप चालतात आणि ते उलटे असतात: क्रमांक जितका मोठा, सुई तितकी बारीक. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर जाड, आठ नंबरची चार मिलिमीटर, सहा नंबरची पाच. तारेच्या जाडीचे जे जुने कोष्टक होते त्यातून हा उलटा हिशेब आला; तार जितक्या वेळा भोकातून ओढावी तितकी ती बारीक होई आणि तिचा आकडा वाढे. आपल्याला आठ नंबरची जोडी पुरे. ती बहुधा ‘पोनी’ छापाची मिळेल, म्हणजे निलगिरीतील केट्टी येथे १९४९ पासून सुया घडविणाऱ्या नीडल इंडस्ट्रीजची. या कंपनीतील परदेशी व देशी भागधारकांचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८१ चा तो निकाल कंपनी कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. घरातील एखाद्या वकिलाला आपले विणकाम क्षुल्लक वाटत असेल तर त्याला हे अवश्य सांगावे.

आता मफलरच का, आणि तोही सगळ्या ओळी सुलट टाक्यांचाच का, याचा विचार करू. मफलरला माप नसते. स्वेटरची बाही दोन बोटे आखूड झाली तर तो अंगावर घालता येत नाही, मोज्याची टाच चुकली तर तो पायात जात नाही; मफलर वीतभराऐवजी सव्वा वीत रुंद झाला तर त्याला कोणी हरकत घेत नाही. नवशिक्याला मापाच्या काळजीतून मोकळे करून केवळ टाक्याकडे पाहावयास लावणारी याहून चांगली वस्तू नाही. सुलट टाक्यांचे म्हणाल तर त्याला स्थापत्याचे कारण आहे. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणली तर सुंदर गुळगुळीत पृष्ठ मिळते खरे, पण त्या कापडाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा ताण सारखा नसतो, म्हणून त्याच्या कडा आत वळतात आणि मफलरची सुरळी होते. हजारो नवशिक्यांनी या सुरळीवर इस्त्री फिरवून पाहिली आहे आणि ती पुन्हा वळली आहे. प्रत्येक ओळ सुलटच विणली, तर काम पालटत गेल्यामुळे पुढे-मागे आडव्या वळ्या सारख्याच पडतात, ताण समसमान होतो आणि कापड सपाट राहते. दोन ओळींची एक वळी. हे ध्यानात ठेवले की ओळी मोजण्याचे कष्ट निम्मे होतात.

तपशील असा: चार मिलिमीटरच्या सुया, मध्यम जाडीची लोकर दीडशे ते दोनशे ग्रॅम, चाळीस टाके. साधारण हाताने दहा सेंटिमीटरांत बावीस टाके बसतात, तेव्हा चाळीस टाक्यांची रुंदी अठरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभराला थोडी कमी. लांबी दीड मीटर धरली तर सहाशे साठ ओळी, आणि एकूण टाके २६,४००. या आकड्याने कोणी दचकू नये. यांतला प्रत्येक टाका तोच आहे. नवे शिकायचे ते एकदाच.

टाके घालताना प्रथम लोकरीचे शेपूट रुंदीच्या तिपटीहून थोडे अधिक, पाऊण मीटरभर, सोडावे. ते कमी पडले तर पस्तिसाव्या टाक्याला लोकर संपते आणि सगळे पुन्हा करावे लागते. सरफाशाने पहिला टाका सुईवर घ्यावा, मग डाव्या अंगठ्यावर फास करून त्यातून सुई घालावी आणि गुंड्याकडचा धागा त्यातून ओढून घ्यावा, असे चाळीस. टाके सुईवर सहज सरकले पाहिजेत. सुईला करकचून आवळलेल्या टाक्यांत दुसरी सुई घालताना जी झटापट होते तिलाच पुष्कळ जण विणकाम समजतात आणि ते सोडून देतात.

यानंतर टाक्यांची सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या हातात. उजव्या सुईचे टोक पहिल्या फासात डावीकडून उजवीकडे घालून डाव्या सुईच्या मागे न्यावे; धागा टोकाभोवती खालून वर एक वेढा द्यावा; ते टोक वेढ्यासकट फासातून पुढे ओढून आणावे; आणि जुना फास डाव्या सुईवरून सोडून द्यावा. झाला सुलट टाका. यातील तिसऱ्या हालचालीकडे, टोक पुढे ओढून आणण्याकडे, डोळे लावून पाहावे, कारण तेथे काय घडते यावर सगळे अवलंबून आहे: जुन्या फासाच्या पोटातून नवा फास जन्मतो आणि जुना त्याच्या पायाशी अडकून राहतो, म्हणून सुटत नाही. मागावरच्या कापडात उभे धागे वेगळे आणि आडवे वेगळे असतात, ते एकमेकांना दाबून धरतात. येथे मात्र प्रत्येक फास केवळ वरच्या फासाच्या आधाराने उभा आहे. त्यामुळे हे कापड ताणते, अंगाबरोबर हलते, आणि वरचा फास निसटला की खालचे ओळीने निसटू लागतात. गुण आणि दोष एकाच कारणातून आलेले आहेत.

दोषांचा अनुभव पहिल्याच आठवड्यात येतो. मारुंजीतील एका गृहसंकुलाच्या बागेत, संध्याकाळी मुलांचा गलका चालू असताना, असा एक प्रसंग मी पाहिला. मुलाकडे राहावयास आलेल्या एक वयस्क बाई बाकावर विणीत बसल्या होत्या, शेजारच्या इमारतीतील एक संगणक अभियंता मुलगी आपले विणकाम घेऊन आली आणि काहीशा त्राग्याने म्हणाली, “काकू, चाळीस टाके घातले होते, आता सत्तेचाळीस झालेत. मी एकही वाढवला नाही!” काकूंनी चष्मा वर केला, टाके मोजलेच नाहीत, काम नुसते उजेडाकडे धरले आणि दोन्ही कडांवरून बोट फिरविले. “अगं, वाढवलेस की. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बघ. काम पालटलंस की धागा सुईच्या वरून मागे ओढतेस. पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात. तू ते दोन टाके समजून विणतेस.” मुलीने पाहिले. सुईवर खरोखरच एका टाक्याचे दोन पाय दिमाखात उभे होते. धागा सुईच्या खालून पुढे घेतला मात्र, त्यांतला एक नाहीसा झाला. “व्हिडिओत हे नाही सांगत,” ती म्हणाली. काकू म्हणाल्या, “त्यांना तुझी वीण कुठे दिसतेय?”

या उत्तरात विणकामाच्या शिक्षणाचे मर्म आले आहे. हाताच्या हालचाली चित्रफितीवरून उत्तम शिकता येतात, माझ्या मते पुस्तकापेक्षाही उत्तम, आणि हे मी पुस्तकातच लिहीत आहे. परंतु हालचाली येणे म्हणजे विणता येणे नव्हे. सुईखाली जे कापड साचत जाते ते ओळखता आले पाहिजे. सुलट टाका समोरून पाहिला तर तळाशी मिळालेल्या दोन तिरक्या रेघा दिसतात. तोच मागून पाहिला तर एक आडवी उंचवट्याची गाठ दिसते. ओळीच्या मध्येच धागा चुकून पुढे आला तर सुईवर एक तिरपा, पायाशी काहीही नसलेला फास उभा राहतो आणि खाली भोक पडते. अर्ध्या ओळीवर काम सोडून उठलात आणि परतल्यावर सुया अदलाबदल करून धरल्यात, तर एका बाजूला दोन ओळी जास्त चढतात आणि वळ्या तिरक्या धावतात. प्रत्येक चुकीची खूण कापडात जिथल्या तिथे राहते. ती लपत नाही, फक्त ओळखणारा डोळा हवा. म्हणून पहिले पंधरा दिवस प्रत्येक ओळीच्या शेवटी टाक्यांची रुजवात घालावी, चाळीस भरले नाहीत तर पुढची ओळ सुरू करू नये, आणि चूक कोठे झाली हे शोधल्याखेरीज काही उसवू नये. न पाहता उसवणारा तीच चूक पुन्हा विणतो.

टाका गळला तर धावपळ करण्याचे कारण नाही. बांगडीत अडकविलेली सेफ्टी पिन काढून प्रथम तो फास पकडावा. एवढा बंदोबस्त केला की तो आणखी खाली उतरत नाही. मग क्रोशाची सुई घ्यावी. गळलेल्या फासाच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. ज्या ओळीची तिरक्या रेघांची बाजू आपल्याकडे असेल तेथे पायरी समोरून ओढावी. तिच्या वरच्या ओळीची गाठीची बाजू पुढे असते, म्हणून तेथे काम उलटवून मागून ओढावी. असे आळीपाळीने वर येत शेवटचा फास सुईवर ठेवून द्यावा. पहिल्यांदा घाम फुटतो. दुसऱ्यांदा माणूस हे शेजारणीला बोलावून दाखवितो.

बाकीचे काम थोडक्यात सांगण्यासारखे आहे. नवा गुंडा ओळीच्या आरंभीच जोडावा, मधे गाठ मारू नये. लांबी पुरी झाली की दोन टाके विणून पहिला दुसऱ्यावरून उचलून सोडावा, मग एक विणून पुन्हा तेच, असे टाके बंद करावेत. हात सैल ठेवावा, नाही तर ते टोक आवळून बसते. लोंबणारी टोके बोथट सुईने वळ्यांत आडवी ओवून कापावीत. खरी लोकर कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात, न चोळता धुवावी आणि पंचावर पसरून सावलीत वाळवावी. कढत पाण्यात चोळली तर केसावरील खवले एकमेकांत अडकतात, लोकर आटते, आणि दीड मीटरचा मफलर बाळंतविड्यात देण्याजोगा होतो. ॲक्रिलिकला पाण्याचे भय नाही, इस्त्रीचे आहे. उन्हाळ्यात ठेवताना लोकरीत वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या ठेवाव्यात आणि कसर लागली नाही ना हे अधूनमधून पाहावे.

राहिला वेळेचा प्रश्न. नवशिका हात मिनिटाला दहा-अकरा टाके विणतो, म्हणजे चाळीस टाक्यांच्या ओळीला पावणेचार मिनिटे, अर्ध्या तासात आठ ओळी. रोज अर्धा तासच विणले तर सहाशे साठ ओळींना त्र्याऐंशी दिवस लागतात. घटस्थापनेच्या दिवशी टाके घातले आणि दिवाळीचे चार दिवस खाडे धरले, तरी संक्रांतीपूर्वी मफलर गळ्यात येतो. आणि मारुंजीच्या पहाटेची थंडी त्यानंतरही दोन-तीन आठवडे सहज टिकते.